खिडकीतून लिहिलेले आकडे

१२ जानेवारी

बाळ,

फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस, म्हणून मेल करते आहे. पत्र समजून वाच. लांबलं तर दोनदा मिळून वाच.

एक प्रश्न विचारायचा आहे. संगणक "फाइल सापडत नाही" म्हणतो तेव्हा काय करायचं?

आईला कसली आली आहे फाइल, असं म्हणशील. सांगते. तुझी ट्रंक उपसत होते, तर तळाशी ते जाड निळं पुस्तक निघालं. एका अक्षराच्या नावाची ती संगणकाची आकडेमोडीची भाषा, कॉलेजात तू जिच्याशी दिवसभर भांडायचीस, तिचं. समासात तुझ्या पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत. बाहेरची माहिती आत कशी घ्यायची, त्या धड्यावर तू लिहिलं आहेस, "इथे सगळेच रडतात." ते वाचलं आणि धीर आला. म्हटलं, सगळेच रडतात तर आपण एकट्या नाही.

मी सातवी शिकलेली बाई, पण पुस्तकाला घाबरत नाही हे तुला माहीत आहे. वाचनालयातली निम्मी कपाटं मी संपवली आहेत. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेतला की येतं, जरा हळू. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काकू, चांगली कादंबरी देते ना. हा कुठला डोक्याला ताप लावून घेताय?" मी म्हटलं, "कादंबरीत शेवटी काय होणार ते मला विसाव्या पानावर कळतं. यात कळत नाही."

माहिती म्हणजे तुझ्या बाबांच्या पाण्याच्या वह्या. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला पुलाखालच्या पायऱ्या उतरायच्या, नदीतल्या खांबावर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि खाली कार्बन घालून वहीत लिहायचं. वरचा कागद त्यांच्या पाटबंधारे खात्यात जायचा, खालचा आपल्याकडे राहायचा. तू कॉलेजच्या प्रकल्पाला घेतली होतीस तीच सहा वर्षं मी घेतली. चार हजार तीनशे ब्याऐंशी नोंदी. तुझ्या जुन्या लॅपटॉपचं एक बिजागर तुटलंय, झाकण भिंतीला टेकवून ठेवते. शिवणाला आलेल्या दोन पँटना खालून दुमड घालायची, मग तासभर टायपायचं, असं करत सहा महिने गेले.

या आकड्यांत तीन महिन्यांची खोट आहे हे तू तेव्हा दाखवलंस. तू चुकलीस असं मी म्हणत नाही. पण तुझ्या बाबांनी खरं किती लिहिलं आणि खोटं किती, ते मला माझ्या डोळ्यांनी मोजायचं आहे. ते गेल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

तर ती भाषा म्हणते, अशी फाइल किंवा असा कप्पा अस्तित्वात नाही. फाइल मला समोर दिसते आहे. डोळ्यांसमोर असलेलं नाही म्हणायचं, आपल्या घरात हे नवीन नाही म्हणा.

जमलं तर कळव.

आई


२१ जानेवारी

बाळ,

तुझं उत्तर आलं. "नावात शेवटी दोनदा सीएसव्ही लागलंय का बघ." सात शब्द. मी मोजले.

लागलंच होतं. मी नाव देताना ते शेपूट लावलं आणि लॅपटॉपने आपलं म्हणून आणखी एक लावलं. एका पोराला दोघींनी काजळ लावल्यासारखं. एक पुसलं आणि फाइल उघडली. मी खुर्चीतून उठून घरभर एक चक्कर मारली. घरभर म्हणजे काय, दोन खोल्या, पण मारली.

आता निराळंच झालंय. तारीख, वेळ, पातळी असे तीन रकाने करून ठेवले होते, ते सगळे एकाच रकान्यात गचडीत बसले आहेत. मध्ये अर्धविराम दिसतात. ते कसे सोडवायचे?

इकडचं ठीक आहे. गुडघा तेवढा बोलतो. खाली इस्त्रीवाल्याने पंखा घेतलाय, त्याची घरघर वरपर्यंत येते. खांबाजवळ आता खात्याने यंत्र बसवलंय, ते आपलं आपण मोजतं आणि कुठेतरी पाठवतं. माणूस लागत नाही.

तुला सांगितलं नसेल, बाबांना त्या कामावरून काढून भांडारात पाइपांचे सांधे मोजायला बसवलं, त्यानंतरही ते रोज सकाळी पायऱ्या उतरायचे. वही नाही, काही नाही. परत आले की मी चहा गाळता गाळता विचारायची, "आज किती?" ते म्हणायचे, "दोन सत्तेचाळीस." झालं, एवढंच. रिटायर झाल्यावरही तेच. शेवटच्या आजारात उठता येईना तेव्हा एकदा मला म्हणाले, "जरा बघून येतेस का?" मी खिडकीशी गेले आणि सांगितलं, "दोनच्या वर आहे." ते म्हणाले, "वर म्हणजे किती?" मी म्हटलं, "झोपा आता."

अजूनही चहा गाळताना तोंडावर येतं, आज किती.

अर्धविरामाचं कळव.

आई


४ फेब्रुवारी

बाळ,

अर्धविराम सुटले. तीन रकाने छान शेजारी शेजारी उभे आहेत. तू लिहिलं होतंस, "वेगळं करणारं चिन्ह सांगावं लागतं, ते आपलं आपण ओळखत नाही." माणसांचंही तसंच असावं, सांगावं लागतं. असो.

आता पातळीचा रकाना. हे सगळे आकडे आहेत, पण ती भाषा त्यांना आकडे मानायला तयार नाही. म्हणते, हे शब्द आहेत. सरासरी विचारली तर हात वर करते. चार हजार आकडे ढळढळीत समोर असताना शब्द कसे म्हणते? तुझ्या पुस्तकात लिहिलंय की रकान्यात एक जरी दाणा वेगळा असला तरी ती सगळं पोतं वेगळं धरते. मी बसून शोधलं. अकरा ठिकाणी आकडा नाही, आडवी रेघ आहे. बाबांनीच मारलेली. मी जशीच्या तशी टायपली.

रेघेच्या जागी काय घालू? शून्य घालावं असं मनात आलं, पण शून्य म्हणजे नदी आटली असं होईल.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काकू, त्या अकरा काढून टाका की. चार हजारांत अकरा कोणाला दिसणार?" मी म्हटलं, "बाई, तुमच्या चार हजार पुस्तकांतली अकरा मी घरी नेली तर?" त्यावर हसल्या.

आई


६ फेब्रुवारी

बाळ,

पहिल्यांदाच तू उलट प्रश्न विचारलास. "रेघा कसल्या? मी प्रकल्प केला तेव्हा त्या नव्हत्या."

होत्या. खात्याने तुझ्या सरांना जी टाइप केलेली यादी दिली तिच्यात नव्हत्या, तिथल्या कारकुनाने मधल्या जागा भरून टाकल्या असतील. घरच्या कार्बनमध्ये आहेत. तू वह्या नेल्या होत्यास, पण मोजणी त्या यादीवरून केलीस ना? टायपायचा कंटाळा. तुझं वय होतं ते, मला राग नाही.

रेघ म्हणजे आकडा दिसला नाही. पाणी इतकं चढलं की खांबच बुडाला, किंवा धुकं इतकं की पलीकडचं दिसेना. एकदा खांबाला ओंडका अडकला होता. अशा दिवशी बाबा पायऱ्यांवर अर्धा अर्धा तास उभे राहायचे आणि घरी येऊन आडवी रेघ मारायचे. मी एकदा म्हटलं होतं, "अहो, अंदाजाने लिहा काहीतरी, कोण बघायला येतंय." ते म्हणाले, "जे बघितलं नाही ते लिहायचं कसं?" वाद घालून नाही म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं कसं लिहायचं ते.

रेघेच्या जागी काय घालायचं, तेवढं राहिलं.

आई


२२ फेब्रुवारी

बाळ,

पंधरा दिवस तुझं काही आलं नाही. मी रोज वाचनालयात जाऊन मेल उघडत होते. ग्रंथपालबाई आता मला विचारतच नाहीत, नुसती मान हलवतात. काल आलं. दोन ओळी.

पहिली, "रेघेच्या जागी एनए घाल. म्हणजे माहीत नाही." घातलं. रकाना लगेच आकड्यांचा झाला. माहीत नाही म्हणून कबूल केलं की बाकीचे चार हजार कामाला लागतात, हे मला फार आवडलं.

दुसरी ओळ, "जो माणूस रेघ मारतो, त्याने त्या तीन महिन्यांत एकही रेघ का मारली नाही?"

याचं उत्तर मी आज देत नाही. आधी तारखा लागू दे.

तारखांचा गोंधळ आहे. मी आधी दिवस मग महिना असं टायपलं होतं. पण ज्या तक्त्यात टायपलं त्याने परस्पर आधी महिना मग दिवस असं धरलं. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस भलत्याच महिन्यात जाऊन बसले आणि तेरापासून पुढचे माहीत नाही झाले. पाच मार्च गेली तीन मेवर. मला पाच मार्च पाच मार्चलाच हवी आहे.

काय करू?

आई


५ मार्च

बाळ,

तारखा लागल्या. तू सांगितलंस तसं रकाना आधी मजकूर म्हणून आत घेतला, मग दिवस कुठे, महिना कुठे, वर्ष कुठे ते एकेक करून सांगितलं. तीन दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळं उडालं तेव्हा मी रडले, पुस्तकात लिहिलंय तसं. तिसऱ्या दिवशी दोन हजार एकशे एक्क्याण्णव दिवस ओळीने उभे राहिले, एकही गळला नाही. पहिली तारीख तू चार वर्षांची असतानाची आहे, शेवटची तू दहाची असतानाची. सगळं तुझं लहानपण त्या रकान्यात आहे आणि शेजारी पाणी.

आजची तारीख बघितलीस? मी मुद्दाम आज लिहायला बसले नाही, तसं झालं.

आता शेवटचा प्रश्न. माझ्याकडे दुसरा एक छोटा तक्ता आहे, त्यातही तारखा आहेत. दोन्ही तक्ते तारखेवरून एकमेकांना कसे जोडायचे? म्हणजे या तारखेला पाणी किती होतं आणि त्याच तारखेला दुसरीकडे काय चाललं होतं, ते एका ओळीत यायला हवं.

दुसरा तक्ता कसला ते विचारू नकोस.

आई


१४ मार्च

फौजदार,

बाबा तुला याच नावाने हाक मारायचे. चार वर्षांची होतीस तेव्हा "कशावरून?" हा तुझा आवडता शब्द. दूध गरम आहे म्हटलं, कशावरून? आज रविवार आहे म्हटलं, कशावरून? बाबा म्हणायचे, "फौजदार घरी आहेत, जपून बोला." हे नाव तोंडावर आलं की मी आजवर गिळत होते. आज लिहिते.

तू पाठवलेल्या एका ओळीने तक्ते जोडले गेले. या पत्रात प्रश्न नाही. फाइल सोबत आहे, पण ती उघडण्याआधी हे वाच.

दुसरा तक्ता तुझ्या दवाखान्याच्या कार्डावरून केला आहे. निळ्या पुस्तकाखाली ट्रंकेतच होतं, पिवळं पडलेलं. दाखल अकरा फेब्रुवारी, घरी सोडलं आठ जून. एकशे अठरा दिवस. तू सहा वर्षांची होतीस. तुला कागदाच्या होड्या आठवतात आणि बाबा आठवतात, एवढंच तू सांगायचीस. कुठलं वर्ष, कुठला महिना, ते तुला आम्ही कधी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. एवढी फौजदार, आणि हे एक विचारलं नाहीस.

दवाखाना सहा तासांवर, दुसऱ्या शहरात. जवळ एकालाच राहू द्यायचे आणि तू बाबांचं बोट सोडेनास. साहेबांनी रजा दिली नाही. म्हणाले, जायचं तर जा, तुझ्या जागी दुसरा बघतो. मग बाबा न सांगता गेले आणि जाताना वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "आठ आणि पाच. पायऱ्यांवर डावीकडून उतर, उजवीकडे शेवाळ आहे."

मी बावीस दिवस उतरले. पाण्याची मला पहिल्यापासून भीती, हे कोणाला सांगितलं नव्हतं. पाच मार्चला सकाळी घसरले. गुडघ्यापर्यंत आत गेले, खांबाच्या साखळीला हात लागला म्हणून राहिले. वर आले, दार लावून घेतलं आणि पुन्हा उतरले नाही. शहाण्णव दिवस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खांब दिसतो. त्याचे काळे-पांढरे पट्टे मोजले की पहिले दोन आकडे कळतात. तिसरा आकडा खिडकीतून दिसत नाही, तो मी मनाने लिहिला. रेघ मारायची असते हे मला ठाऊक होतं. पण रोजच रेघ मारली असती तर साहेब चौकशीला आले असते, आणि तू तिकडे सुया टोचून घेत पडली होतीस.

हे कारण झालं. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मी खिडकीशीही जात नव्हते. कालचाच आकडा घ्यायची आणि शेपूट बदलायची.

तुम्ही दोघं घरी आलात. तू झोपलीस. बाबांनी वही उघडली आणि कार्बनची पानं उलटली. माझा हात हलका, कार्बनवर अक्षर फिकट उठतं, तेवढी पानं वेगळी दिसतात. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "काय गं, शेवटी सगळीकडे सातच का लिहिलेस?"

मी म्हटलं, "सात खरा वाटतो. शून्य, पाच लिहिले तर कोणीही ओळखेल."

ते हसले. मला वाटलं रागावतील, पण हसले. वही मिटली, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता पायऱ्या उतरून गेले.

पंधरा वर्षांनी तू त्या सातांना पकडलंस. प्रकल्प सरांना देण्याआधी तू घरी आलीस, ते मला पक्कं आठवतं. तू दारातच उभी होतीस, पायांत चप्पल तशीच. म्हणालीस, "बाबा, हे तीन महिने तुम्ही काठावर जात नव्हतात ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत होते. ते म्हणाले, "नव्हतो."

बघ, खोटं नाही बोलले.

तू म्हणालीस, "मला मोजायला तुम्ही शिकवलंत," आणि निघून गेलीस. पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या सरांनी प्रकल्प खात्याकडे पाठवला. तो पाठवायला तू सांगितलं नव्हतंस, हेही मला माहीत आहे. खात्याने बाबांना विचारलं, त्यांनी तिथेही तेच सांगितलं, आणि त्यांना भांडारात बसवलं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, मी पोरीला खरं सांगते. ते म्हणाले, "नको. तारीख कळली की ती स्वतःलाच दोषी धरेल. माझ्या आजारपणापायी बाबांची वही गेली, असं म्हणेल. तिला ओळखत नाहीस का तू?"

त्यांनी गप्प बसायला सांगितलं त्याला कारण तू होतीस. मी गप्प बसले त्याला कारण मीच होते. त्यांनी नको म्हटलं तेव्हा मला आतून सुटल्यासारखं झालं. ते तेरा वर्षं जगले, रोज सकाळी दोन सत्तेचाळीस, दोन बावन्न सांगत राहिले, आणि मी चहा गाळत राहिले. ते गेल्यावर तू चार दिवस आलीस. त्यांच्या फोटोसमोर न बसता दाराशी बसलीस. मी तुझ्या पाठीशी येऊन दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा जेवतेस का, असंच विचारलं.

फोनवर सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आणि नुसतं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशावरून? नवरा गेला, आता आई त्याच्या नावावरचं पुसते आहे. म्हणून तुझी भाषा शिकले. तुला दुसऱ्या कोणाचं पटत नाही, आकड्यांचं पटतं.

फाइलमध्ये एक रकाना जास्त आहे. त्याचं नाव "कोणी". त्यात तीनच गोष्टी येतात. "बाबा", "मी पायरीवरून" आणि "मी खिडकीतून". फिकट कार्बन आणि दवाखान्याची तारीख दोन्ही जुळली तिथेच मी स्वतःचं नाव घातलंय. तुझ्या पुस्तकात शेवटचा आकडा कसा सुटा करायचा ते आहे, तसा केला. मग प्रत्येकाचे किती ते मोजून घेतले.

ते मोजायच्या आधी मी जरा थांबले होते. लॅपटॉप तसाच ठेवून खाली जाऊन इस्त्रीवाल्याशी बोलून आले. म्हटलं, यांच्याही आकड्यांत सात जास्त निघाले तर? मग मला काहीच उरणार नाही. वर आले आणि बटण दाबलं.

माझे खिडकीतले एकशे ब्याण्णव. त्यात सात अठ्ठावन्न वेळा, शून्य तीन वेळा, पाच चार वेळा. बाबांचे चार हजार एकशे पस्तीस. शून्य, एक, दोन, तीन, सगळे जवळपास सारखे. सगळ्यात जास्त आला तो चारशे एकेचाळीस वेळा, सगळ्यात कमी तो तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. सात चारशे नऊ. नदीला कुठलाच आकडा लाडका नसतो आणि त्यांनी नदीने दिला तोच लिहिला. मला एवढंच बघायचं होतं. तुलाही एवढंच दाखवायचं होतं.

तू स्वतःला धरू नकोस. सहा वर्षांच्या पोरीला ताप येतो, त्यात तिचं काही चुकत नाही. तुला धरायचंच असेल तर मी इथे आहे. रागाव. फोनवर रागाव, मी ठेवणार नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत. एक, तुझा प्रकल्प बाबांच्या टेबलाच्या खणात होता. त्यांनी कॉलेजातून प्रत मागून आणली होती. सातांच्या तक्त्यावर चहाच्या कपाचा डाग आहे, म्हणजे तो समोर ठेवूनच चहा प्यायचे. एकदा भांडारातला एक सोबती घरी आला होता, त्याला ते पान उघडून दाखवलं. म्हणाले, "माझ्या फौजदाराने पकडलंय हे. एकवीस वर्षांची होती."  ते मिरवत होते, मी बघितलंय.

दुसरी गोष्ट माझी. अर्धविरामाचं उत्तर तू कळवायच्या आधीच ग्रंथपालबाईंनी मला दिलं होतं. एनए पुस्तकात होतं. तारखांचंही तिसऱ्या दिवशी माझं मलाच सुटलं असतं. विचारलं नसतं तर तू लिहिलं नसतंस. तुझ्या एकेका ओळीसाठी मी नाही नाही त्या गोष्टी अडवून धरल्या. तक्ते जोडायचं तेवढं मला खरंच येत नव्हतं.

फाइलची शेवटची ओळ आजची आहे. सकाळी काठी घेतली आणि पायऱ्या उतरले, डावीकडून. इस्त्रीवाला वरून ओरडत होता, "काकू, काय करताय!" मी म्हटलं, "मोजतेय, गप्प उभा राहा." शेवाळ अजून तिथेच आहे. साखळी नवी आहे. खांबापाशी वाकले, पाणी हलत होतं, स्थिर व्हायची वाट बघितली. दोन मीटर एकतीस. "मी पायरीवरून."

घरी येऊन चहा ठेवला. आज मलाच माहीत होतं किती ते, आणि विचारणारं कोणी नव्हतं.

फाइल माझ्याकडे नीट उघडते. तुझ्याकडे उघडली नाही तर कळव. उघडली तरी कळव.

आई